तिन्हीसांजेचं उत्तर

गावापेक्षा बंजारा तांड्यात आजार कमी, असा निष्कर्ष समाजशास्त्राच्या सोनटक्के सरांनी कालच लिहून हातावेगळा केला होता. आता डॉक्टरांचा निरोप घ्यायला ते घाटंजीच्या दवाखान्यात बसले होते. पाठीमागे दोन बाया बोलत होत्या.

"रुपलीबाई, तू अन् इथं? तुमच्या तांड्यात तं सारे धडधाकट हायेत म्हने."

"कोन म्हनते?"

"तो नागपूरचा मास्तर."

"तो व्हय! रोज दिवेलागणीलेच ये. घरात कोनी बिमार हाय काय, म्हने."

"मंग?"

"मंग काय, शकुबाई! हातात दिवा, अन् तोंडानं दुखण्याचं नाव घेऊ काय? सारे खुशाल, म्हनलं."

"आमच्याकडं सकाऊन आलता. मी तं खोकल्यापासून सारं सांगतलं."

"हे पोरगी तवा आतच पडून होती, तापानं फनफनत."

सर सावकाश वळले. रुपलीबाईच्या मांडीवर पोरगी निपचित पडली होती.

"बाई, तांड्यावर सकाळी आलो तर भेटाल?"

रुपलीबाईनं त्यांना ओळखलं, पदर सावरला.

"सकाऊन कोन भेटन, साहेब? आमी सारे या शकुबाईच्याच वावरात कामाले असतो ना."