होकायंत्र आणि अडकित्ता

नागपूरच्या बसस्टँडवर भिवापूरच्या गाडीच्या रांगेत माझ्यापुढे एक म्हातारा आणि त्याची बायको उभे होते. म्हाताऱ्याच्या हातात पोस्टाची ताजी पावती होती.

"आपल्या शालिकनं जहाजावरून काय लिहिलं होतं, ते पुन्हा सांगा न."

"पहिले जहाजवाल्यांपाशी नीट घड्याळ नव्हतं. समुद्रात आपण किती पूर्वेले आलो, किती पश्चिमेले, ते समजतच नव्हतं. मंग होकायंत्राचा काटा ध्रुवताऱ्यापासून किती सरकला, ते मोजत अन् त्यावरून आपली जागा ओळखत."

"जमे काय?"

"कुठी जमे! काटा वर्सावर्साले बदलते. बापाचा नकाशा पोराच्या कामी येत नाही."

"मंग तुमी काहून रोज मोजून राहिले?"

"पोरानं होकायंत्र धाडलं म्हणून. आपल्या घरी काटा अन् तारा एका रेषेत राह्यते वं. परवा मात्र काटा चांगला चार रेघा सरकला. तेच तर लिहिलं त्याले."

"परवा? ओट्यावर मोजलं?"

"हो."

"तिथं माझा अडकित्ता होता, पानाच्या डब्याखाली."

"लोखंडाचा?"

"मंग काय सोन्याचा?"

"अवं, आधी सांगाचं न! पत्र तर गेलं. आता त्याले वाटंल, आपलं भिवापूरच जागेवरून सरकलं."

"वाटू द्या. तीन वर्सं झाले, पाहाले तरी येईल."