स्तोयना आजीची खरी सही

नगरपालिकेच्या खिडकीशी माझ्यापुढे स्तोयना आजी आणि तिचा नवरा रादोय उभे होते. नव्या पक्षाच्या नोंदणी-अर्जावरची तिची सही खिडकीतली मुलगी तपासत होती.

“आजी, ही सही तुमचीच?”

“मग काय शेजारणीची?”

“ओळखपत्राशी जुळत नाही हो. तिथे नुसत्या वेड्यावाकड्या रेघा आहेत.”

“तिथे पोलीस ‘उरका, उरका’ म्हणत डोक्यावर उभा होता. हा पक्षाचा अर्ज घरी घेऊन आली ती आमची सुईण, नेदेल्का. मी हात धुतले, टेबल पुसलं, चष्मा लावला, मग सही केली.”

“तेवढ्यात ओव्हनमधली बानित्सा करपली!”

“तू गप बस, रादोय.”

“आजी, सही जुळली नाही तर बाद होईल. सह्या कमी पडल्या तर पक्षाची नोंदणी होणार नाही.”

“मग बंद पडलेल्या प्रसूतिगृहासाठी भांडणार कोण? तू? माझी नात घाटात, गाडीतच बाळंत झाली.”

“बरं, माझ्यासमोर करा सही. पण ओळखपत्रावर आहे तश्शी, पटकन.”

“तशी नाही करणार.”

“अहो आजी...”

“तशी मी जुलमाने करते. ही मनापासून केलीय. पेन दे.”

रांग चुळबुळत राहिली. आजीने एकेक अक्षर सावकाश, वळणदार काढलं. खिडकीतल्या मुलीने दोन्ही कागद शेजारी ठेवून पाहिले.

“अर्जावरच्या सहीशी तंतोतंत जुळली. धरली तुमची सही.”

“धरणारच. आता ते ओळखपत्र बदलून दे. खोटी सही त्याच्यावर आहे.”