आक्काकडं नुसता तबला

आमच्या वडगावात आळीतला पहिला स्टिरिओ मी आणलेला, बरं का. लई हौस. स्पीकरची जाड वायर परवडंना, म्हणून दिव्याची साधी वायर घेतली. ती इतकी लांब मिळाली, की दुसरा स्पीकर थेट बोळापलीकडं आक्काच्या घरात नेऊन ठेवला. दोन्ही घरांत गाणं. आमच्या आप्पांनी तर त्यासाठी कापड विणायचा चालता माग बंद केला.

कॅसेट लावली, तशी आक्का तिच्या दारातनं ओरडली, "अरं, हितं नुसता तबलाच वाजतोय. गाणारा कुठं हाय?"

मी हिकडनं ओरडलो, "त्यो आमच्यात हाय. पण आमच्यात तबला न्हाय."

आप्पा उठून बोळात गेले. तिथं मधोमध सायकल थांबवून एक अनोळखी माणूस डोळं मिटून डोलत होता.

आप्पा म्हणाले, "मशीन आपलं, वायर आपली, अन् आख्खं गाणं ऐकतोय ह्यो."