पिशवीत थेंब पडेना

माझं माहेर भुसावळचं, वडील रेल्वेत, सासरे रेल्वेत, हे पण इथं झाशीला वर्कशॉपात फिटर होते, आता रिटायर. लग्न होऊन आले तेव्हा हिंदीचा शब्द येत नव्हता, आता बघा, मराठीच अडखळते.

मागच्या उन्हाळ्यात मऊरानीपुरला लग्नाला गेलो, काय सांगू तुम्हाला, लू, म्हणजे उन्हाचा गरम वारा, अशी की डोळे भाजायचे, तिथून हे आले ते उलट्या-जुलाब घेऊनच. त्यात गुडघे दुखतात म्हणून दुखण्याच्या गोळ्या रोजच्या चालू, त्या काही सोडल्या नाहीत. जुलाब थांबले, मला वाटलं सुटलो, पण माणूस मोरीकडे जाईचना. मी म्हटलं अहो, लघवीला गेलात का, तर म्हणे अंगात पाणीच नाही तर येणार कुठून. मग तोंड सुजलं, उचकी लागली, आणि मलाच आई म्हणायला लागले. मी तशीच रिक्षा बोलावली.

इस्पितळात डॉक्टरीणबाई म्हणाली, अम्माजी, किडनी को झटका लगा है, गोळ्या आजपासून बंद. सलाईन लावलं, लघवीची नळी घातली, खाली पिशवी लटकवली. मी पिशवीकडेच बघत बसले, देवाकडे बघावं तसं, पण थेंब पडेना. सलाईन पण जपूनच, जास्त झालं तर छातीत पाणी भरेल म्हणे, आणि इकडे रक्तातलं पोटॅशियम वाढलेलं, हृदय थांबू शकतं, डायलिसिस की मशीन लगानी पड़ेगी. पलीकडच्या खाटेवरच्या माणसाची बायको कानात म्हणाली, दीदी, एक बार मशीन लगी तो छूटती नहीं. मी डॉक्टरीणबाईचा हातच धरला, सुटेल ना हो? ती म्हणाली, बहुतेकांची सुटते, पण वचन नाही देत, आणि आज नाही लावली तर हे हाती लागणार नाहीत. मी म्हटलं लावा.

माणसाचं रक्त माणसाच्या बाहेर फिरताना बघितलं, अजून काटा येतो. मशीन परत परत लावली. मग एका सकाळी नर्स ओरडली, आंटीजी, आ गई! पिशवीच्या तळाशी चहाच्या रंगाचं एवढंसं पाणी. मी रडले. पुढं तर इतकी लघवी व्हायला लागली की मी परत घाबरले, डॉक्टरीणबाई म्हणाली किडनी जागी होतेय, पण आता अंगातलं पाणी-मीठ कमी पडेल, म्हणून परत सलाईन, परत रोज रक्त तपासा.

सुटली मशीन. आता इथल्या इलाइट चौराह्यापर्यंत पायी जाऊन येतात. पण एकदा मार खाल्लेली किडनी, जपायला सांगितलंय, गोळी विचारल्याशिवाय नको, मी गुडघ्यांना तेल चोळते. आणि खरं सांगू, हे मोरीत गेले की मी दाराआड कान देऊन उभी राहते, हसू नका, आवाज आला की मगच पोळी तव्यावर टाकते. आहे ते असं आहे. तुमच्या घरी कुणावर असं उभं राहायची पाळी न येवो.