दोन बाकांचं इंग्रजी

उमेळे गावच्या त्या जोडप्याचं सांगितलं का तुम्हाला? फ्रान्सिस अंकल आणि मार्था आंटी. लेक कॅनडात आहे, नातवाशी बोलता यावं म्हणून दोघं माझ्या इंग्रजीच्या क्लासला येतात. रोज एकाच बाकावर बसतात. त्या दिवशी मात्र आंटी पहिल्या बाकावर आणि अंकल पार शेवटच्यावर.

मी 'लीड्स टू' शिकवत होतो. एका गोष्टीमुळे दुसरी कशी होते, ते सांगायला वापरतात. म्हटलं, घरातलंच उदाहरण द्या.

आंटी ताडकन उभ्या राहिल्या. "सुका बोंबील लीड्स टू बीपी."

अंकल मागून बसल्याबसल्याच म्हणाले, "नो बोंबील लीड्स टू भांडण."

"भांडण लीड्स टू दोन बाक," आंटींनी मागे वळूनसुद्धा बघितलं नाही.

सगळा क्लास हसायला लागला. अंकल हसले नाहीत. उभे राहिले, बराच वेळ शब्द शोधत राहिले आणि शेवटी हळूच म्हणाले, "दोन बाक लीड्स टू... मला करमत नाही."

मी आपला मास्तर. म्हटलं, "अंकल, शेवटसुद्धा इंग्रजीत करा."

तोवर आंटी पर्स उचलून त्यांच्या शेजारी जाऊन बसल्या होत्या.

"राहू द्या सर," त्या म्हणाल्या. "मला कळलं."