धबधब्याच्या वाटेवरच्या शेंगा

अरे, अमेरिकेत धबधबा बघायला निघालेली आपली माणसं डब्यात पराठे भरून नेतात, हे मला कुणी सांगितलं का नाही? जॉर्जिया राज्यात अल्फारेटाला मुलीकडे गेलो होतो. गाडीतच तोंड उघडलं. "मीता, मी जन्मभर बातमीदारी केली. ज्या गावाला गेलो, तिथलंच खाल्लं. जॉर्जियात पराठे खाणार नाही!"

"बाबा, प्लीज! इकडचं फूड ब्लँड असतं."

"गाडी थांबव."

रस्त्याकडेला एक बाई मोठ्या पातेल्यातून काहीतरी विकत होती. म्हणाली, ही इथली खासियत. मी ऐटीत पिशवी घेऊन उघडली, तर आत मिठाच्या पाण्यात उकडलेल्या भुईमुगाच्या शेंगा!

मीता हसत सुटली. मग एक सोलून तोंडात टाकली आणि म्हणाली, "आईच्या शेंगांना मीठ जास्त असायचं."

"कमी असायचं."

"जास्त, बाबा! तुम्ही घरी असायचात तरी कधी?"

धबधब्यापर्यंत आम्ही भांडत गेलो. तिची आई गेल्यापासून आम्ही दोघंही तिचा विषय टाळत होतो. परतताना वाद मिटतोय असं दिसलं, तेव्हा मीच पुन्हा म्हणालो, "कमीच असायचं."