आईचा गोल ओव्हन आणि माझं भाषण

अरे, मला अक्कल पाजळायची खाज आहे, ती कशी अंगाशी आली ऐक. बायकोच्या वाढदिवसाला मी आईचा जुना गोल ओव्हन डोंबिवलीहून ठाण्याला आणलेला. केक आत ठेवला आणि पाहुण्यांना ओव्हनपाशी गोळा करून सुरू झालो.

"बघा, झाकणाला काच आहे, पण टायमर नाही, तापमानाचं बटण नाही. बनवणाऱ्याने घरच्या बाईच्या नाकावर विश्वास ठेवलेला! याला म्हणतात डिझाइन!"

पाहुणे बिचारे माना डोलवत होते. तेवढ्यात पार गॅलरीत बसलेली आई ओरडली, "अरे, केक करपला!"

ओव्हन माझ्या हाताशी, तरी मीच विचारतोय, "तुला तिथून कसं कळलं?"

"ते मग सांगते. आधी ओव्हन बंद कर, आणि त्याच्याही आधी तोंड."